होतकरूचे मोल : खेळाडूंच्या अदलाबदलीतील संकेतार्थाची चिकित्सा

१

व्यावसायिक खेळांत खेळाडूचे मोल पैशांत सांगण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, ह्या मोलाच्या भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अमुक खेळाडू सहा कोटींचा, तमुक वीस लाखांचा, असे सहज बोलले जाते. आणि त्यातील षष्ठी विभक्ती नेमका कोणता संबंध दाखविते, हा प्रश्न बाजूस राहतो. 'वीस लाखांचा खेळाडू' म्हणजे वीस लाखांच्या योग्यतेचा खेळाडू, की वीस लाखांना हाती आलेला खेळाडू? पहिल्या अर्थी ते खेळाडूचे वर्णन आहे. दुसऱ्या अर्थी ते व्यवहाराचे वर्णन आहे. होतकरू खेळाडूंच्या बाबतीत ही रक्कम जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यावरील भाष्य मात्र पहिल्या प्रकारचे असते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा घोटाळा केवळ शाब्दिक असता तर त्याची चिकित्सा करण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु त्यात तरुण माणसाच्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब गुंतलेला आहे.

ह्या विवेचनासाठी दोन व्यवहार निवडले आहेत. पहिला अमेरिकेतील बेसबॉलचा. अनुभवी पिचर मिळविण्यासाठी संघाने आपले होतकरू खेळाडू देऊन टाकावयाचे, ही पद्धत तेथे शतकभराच्या सरावाने पूर्णत्वास गेली आहे. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. आपल्या गोलंदाजाचा तो भाऊबंद होय. दुसरा व्यवहार इंडियन प्रीमियर लीगचा, आणि त्यातही विशेषेकरून पिंपरी-चिंचवड परिसराशी संबंध असलेल्या खेळाडूंचा. दोन्हीकडे विकावयाची वस्तू एकच आहे : तरुण खेळाडूचे भविष्य. नियम मात्र वेगळे आहेत. वस्तू एक असून नियमाबरोबर तिची किंमत पालटत असेल, तर ती किंमत वस्तूची नसून नियमाची आहे, असा निष्कर्ष काढणे प्राप्त होते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू जाता असे दिसते की, बेसबॉलच्या परिभाषेतील 'प्रॉस्पेक्ट' ह्या शब्दासाठी मराठीत दोन शब्द सुचतात. एक 'होतकरू', दुसरा 'उमेदवार'. 'होतकरू' हा शब्द 'होणे' ह्या क्रियापदाशी नाते सांगतो. ज्याच्या ठिकाणी काही होऊ घातले आहे तो होतकरू. हे विशेषण व्यक्तीचा गुण सांगते. 'उमेदवार' हा शब्द फारसी 'उमेद' ह्यावरून आलेला असून, ज्याच्यापाशी आशा आहे तो उमेदवार, असा त्याचा मूलार्थ आहे. आज हा शब्द निवडणुकीशी जखडला गेला असला, तरी 'उमेदवारी करणे' म्हणजे एखाद्या धंद्यात शिकत शिकत काम करणे, हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत तर तो कायद्याचाच शब्द आहे. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकण्यासाठी घेतलेल्या तरुणास मराठीत 'शिकाऊ उमेदवार' असे म्हणतात.

ह्या दोन्ही मराठी शब्दांत आशा अथवा संभाव्यता त्या तरुणाचीच आहे. 'प्रॉस्पेक्ट' ह्या शब्दाची गोष्ट निराळी आहे. तो पाहणाऱ्याच्या बाजूने घडलेला शब्द आहे. समोर दूरवर जे दिसते ते प्रॉस्पेक्ट. खाणीत धातू सापडेल काय हे पाहणाऱ्यासही त्याच धातूवरून नाव मिळाले आहे. तेव्हा उमेदवाराची उमेद त्याच्या स्वतःच्या मालकीची, तर प्रॉस्पेक्टची उमेद संघाच्या मालकीची, असा हा भेद आहे. खेळाडूंच्या अदलाबदलीत जे विकले जाते ते ही दुसऱ्या प्रकारची उमेद होय.

व्याकरणाच्या परिभाषेत हीच गोष्ट अधिक नेटकेपणाने मांडता येते. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे अर्थ मानले आहेत. 'हा पिचर सामने जिंकून देतो' हे विधान स्वार्थी आहे. 'ह्याचा खांदा शाबूत राहिला आणि चेंडूवर ताबा आला, तर हा सामने जिंकून देईल' हे विधान जर-तरच्या संकेतावर उभे आहे. अनुभवी पिचरच्या बदल्यात होतकरू देणे म्हणजे स्वार्थ घेऊन संकेतार्थ देणे होय. बेसबॉलचे पारखी तर हे दोन अर्थ आकड्यांतच लिहितात. त्यांच्या २० ते ८० ह्या मोजपट्टीवर ५० हा आकडा मेजर लीगमधील सरासरी दाखवितो. आणि एकाच कौशल्यास दोन आकडे दिले जातात, एक आजचा व एक पुढे अपेक्षित असलेला. एका खेळाडूच्या नावापुढे दोन काळ शेजारी शेजारी मांडण्याची ही पद्धत भाषाभ्यासकास मनोरंजक वाटावी अशी आहे. तथापि अदलाबदलीत त्या दोन आकड्यांतील अंतरालाच किंमत येते असे मात्र नव्हे. किंमत दुसऱ्याच एका गोष्टीस येते.

३

ती गोष्ट म्हणजे मुदत. मेजर लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूने सहा वर्षांची सेवा पुरी केल्याखेरीज त्यास मनाजोग्या संघाशी करार करता येत नाही. त्यांपैकी पहिली सुमारे तीन वर्षे त्याचे वेतन किमान वेतनाच्या आसपास राहते. पुढील वर्षांत लवादामार्फत ते वाढते, परंतु खुल्या बाजारातील दरास सहसा पोचत नाही. सातव्या वर्षी तो मोकळा होतो. म्हणजे अद्याप मेजर लीगमध्ये न आलेला होतकरू ज्या संघाच्या हाती असतो, त्या संघाजवळ सहा वर्षांचा स्वस्त हक्क असतो. उलटपक्षी, कराराच्या अखेरच्या वर्षात असलेला नामवंत पिचर ज्या संघाजवळ असतो, त्याच्याजवळ काही महिनेच शिल्लक राहिलेले असतात.

जुलैअखेर अदलाबदलीची मुदत संपते, त्या सुमारास ह्या दोन हक्कांची गाठ पडते. ज्या संघास यंदा अजिंक्यपदाची आशा नाही, तो आपला पिचर देतो. ज्यास आशा आहे, तो आपले होतकरू देतो. ह्या व्यवहारात पिचरलाच विशेष मागणी का, ह्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. लांबलचक हंगामात सामन्याचा प्रारंभ करणारा पिचर साधारणतः दर पाचव्या दिवशी खेळतो. परंतु हंगामाअखेरच्या छोट्या मालिकेत एकच उत्कृष्ट पिचर सातांपैकी दोन किंवा तीन सामन्यांवर आपली छाप पाडू शकतो. क्रिकेटच्या वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजास चार षटकांपलीकडे चेंडू टाकता येत नाहीत. त्याचा वाटा नियमानेच एक-पंचमांशावर थांबतो. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. म्हणून ऑक्टोबरमधील एका पिचरसाठी पुढची सहा वर्षे गहाण टाकण्यास संघ तयार होतात.

आता होतकरूचे मोल कसे काढतात ते पाहावे. तो सहा वर्षांत संघास किती सामने जिंकून देईल ह्याचा अंदाज केला जातो. तेवढे यश खुल्या बाजारात विकत घेण्यास किती खर्च आला असता ते ठरविले जाते. आणि त्यातून त्यास प्रत्यक्ष द्यावे लागणारे वेतन वजा केले जाते. जे उरते ते अधिशेष. अदलाबदलीच्या तराजूत होतकरूच्या पारड्यात पडते ते हे अधिशेष होय; त्याचे कौशल्य नव्हे. ही गणना वरवर निर्दोष दिसते. परंतु तिचा अर्थ नीट लावला तर असे दिसते की, खेळाडूस बाजारभावाने जे मिळाले असते आणि नियमामुळे जे मिळत नाही, त्या न मिळालेल्या रकमेचेच नाव येथे त्याचे 'मोल' असे आहे. उद्या असा नियम झाला की, पहिल्या दिवसापासून प्रत्येकास बाजारभावाने वेतन द्यावे, तर त्याच खेळाडूचे अदलाबदलीतील मोल जवळजवळ शून्यावर येईल. त्याच्या दंडातील बळ मात्र तसूभरही कमी झालेले नसेल.

ह्याचा पुरावा संघांच्या वर्तनातच मिळतो. २०१५ साली शिकागो कब्ज संघाने क्रिस ब्रायंट ह्या तरुण फलंदाजास हंगामाच्या आरंभी खालच्या श्रेणीत ठेवले व काही दिवसांनी वर आणले. परिणामी पूर्ण वर्षाची सेवा मोजण्यास लागणाऱ्या १७२ दिवसांऐवजी त्याचे १७१ दिवस भरले, आणि संघास त्याच्यावर आणखी एका वर्षाचा हक्क मिळाला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढील वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण त्याची ह्या एका दिवसाबद्दलची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. एका दिवसात कौशल्य वाढत नाही, घटतही नाही. तरीही त्या एका दिवसास मोठी किंमत होती.

४

मोल म्हणजे मुदत, ही गोष्ट विसरली की अदलाबदलींचा इतिहास चुकीच्या रीतीने सांगितला जातो. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट संघाने अटलांटा संघाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा २० वर्षांचा पिचर दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले व एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळविला. पुढील मालिकेत मात्र तो दोन्ही सामने हरला व संघही बाद झाला. १९८९ नंतर त्याची कारकीर्द संपली. स्मोल्ट्झ २००९ पर्यंत खेळला, १९९६ चे साय यंग पारितोषिक त्याने मिळविले, आणि २०१५ मध्ये त्यास बेसबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले.

ही कथा बहुधा डेट्रॉइटच्या मूर्खपणाची कथा म्हणून सांगितली जाते. टीका करणारा येथे एक व्याकरणिक चलाखी करतो, ती लक्षात घेण्यासारखी आहे. १९८७ मध्ये जे विधान संकेतार्थी होते, ते तो भूतकाळी स्वार्थात बदलतो. 'स्मोल्ट्झ थोर होईल, जर...' ह्या वाक्यातील 'जर' गळून पडतो आणि 'डेट्रॉइटने थोर पिचर देऊन टाकला' असे वाक्य तयार होते. वस्तुतः डेट्रॉइटने देऊन टाकला तो थोर पिचर नव्हता, तर थोर होण्याची एक शक्यता होती. आणि जे विकत घेतले ते तंतोतंत हाती पडले. आपल्या विभागातील पहिला क्रमांक त्यांना हवा होता, तो मिळाला. व्यवहाराचे मूल्यमापन व्यवहाराच्या दिवशी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून करावे, फळावरून करू नये, हा साधा विवेक क्रीडासमीक्षेत दुर्मिळ आहे.

उलट दिशेने तोच धडा २००८ च्या व्यवहारात मिळतो. त्या वर्षीच्या जुलैत मिलवॉकी संघाने क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया हा पिचर घेतला. त्याने सतरा सामन्यांत अकरा विजय मिळवून, १९८२ नंतर प्रथमच मिलवॉकीस अंतिम फेऱ्यांत पोचविले. आणि हंगाम संपताच तो मोकळा होऊन न्यूयॉर्कच्या यांकीज संघास मिळाला. क्लीव्हलँडला जे होतकरू मिळाले त्यांत मॅट लापोर्टा हा फलंदाज प्रमुख मानला जात होता. शेवटी मात्र एक चमत्कारिक पद होते : 'नाव नंतर सांगावयाचा खेळाडू'. बेसबॉलच्या करारांत हे पद नित्य आढळते. त्या ऑक्टोबरमध्ये ते नाव सांगण्यात आले : मायकेल ब्रँटली. लापोर्टाची मेजर लीगमधील कारकीर्द २०१२ मध्ये संपली. ब्रँटली पाच वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला.

सर्वनामासारख्या ह्या पदात होतकरूंच्या बाजाराचे संपूर्ण तत्त्व साठविले आहे. माणसाचे नाव ठाऊक नसतानाही त्याची देवाणघेवाण होऊ शकते. कारण देवाणघेवाण माणसाची नसून एका हक्काची आहे. अनुभवी पिचरच्या बाबतीत असे पद कल्पिताही येणार नाही. 'नाव नंतर सांगावयाचा सबाथिया' हा वदतोव्याघात होईल. जो स्वार्थात आहे त्यास नाव लागते. जो संकेतार्थात आहे त्यास नावावाचूनही चालते.

तरुण पिचरांच्या बाबतीत तर ही अनिश्चितता आणखी वाढते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब ह्यांनी टॉमी जॉन ह्या पिचरच्या कोपरातील अस्थिबंधावर जी शस्त्रक्रिया केली, ती आता नित्याची झाली आहे. इतकी, की ती त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. चेंडू फेकणारा हात हा केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. म्हणून बेसबॉलच्या विश्लेषकांमध्ये 'पिचरांत होतकरू असा प्रकारच नसतो' अशा आशयाचे अर्धे थट्टेचे, अर्धे गंभीर वचन प्रचलित आहे. पिचर देणारे संघ बदल्यात तरुण फलंदाज मागतात, ते बऱ्याच अंशी ह्यामुळेच.

ह्या सर्व व्यवहारात होतकरूची संमती विचारली जात नाही. दहा वर्षांची सेवा व त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात, अशी अट पुरी करणाऱ्या खेळाडूस अदलाबदल नाकारण्याचा हक्क आहे. करारात तशी तरतूद करून घेण्याइतके वजन असलेल्यासही तो मिळतो. नवख्यास ह्यांपैकी काहीच उपलब्ध नसते. १९६९ मध्ये कर्ट फ्लड ह्या अनुभवी खेळाडूने आपली फिलाडेल्फियाशी झालेली अदलाबदल नाकारली व पुढे न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. पुढे लवादाच्या निर्णयाने व संघटनेच्या बळावर अनुभवी खेळाडू मोकळे झाले. मायनर लीगमधील तरुणांच्या वाट्यास त्यांचा पहिला सामूहिक करार येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. ज्याचे भविष्य विकले जात होते, त्यास वर्तमानात बोलण्याची सोय सर्वांत शेवटी मिळाली.

५

आता दुसऱ्या व्यवस्थेकडे वळावयाचे. इंडियन प्रीमियर लीगमध्ये सहा वर्षांचा हक्क नाही. तेथे काही वर्षांनी सर्वच संघांची जवळजवळ नव्याने मांडणी करणारा मोठा लिलाव होतो. २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ ह्या हंगामांपूर्वी असे लिलाव झाले. त्यामुळे होतकरूचे भविष्य कोणाच्याही हाती फार काळ राहत नाही. मोठ्या लिलावाच्या दिवशी ते एकदम छाटले जाते.

गहुंजे येथील मैदानाने ह्या छाटणीचे सर्वांत टोकाचे उदाहरण पाहिले आहे. रायझिंग पुणे सुपरजायंट हा संघ दोनच हंगामांसाठी, २०१६ व २०१७ साठी, निर्माण झाला होता. २०१७ मध्ये त्याने राहुल त्रिपाठीस १० लाखांना आणि जयदेव उनाडकट ह्या वेगवान गोलंदाजास ३० लाखांना घेतले. त्रिपाठीने ३९१ धावा केल्या. उनाडकटने २४ बळी घेतले. संघ अंतिम सामन्यात अवघ्या एका धावेने हरला. बेसबॉलच्या नियमांत हे दोन करार म्हणजे वर्षानुवर्षे जपून ठेवावी अशी ठेव ठरली असती. येथे संघच विसर्जित झाला. २०१८ च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने उनाडकटसाठी ११.५ कोटी व त्रिपाठीसाठी ३.४ कोटी मोजले. एका हंगामात त्यांचे कौशल्य तितक्या पटींनी वाढले होते, असे कोणी म्हणणार नाही. पालटला होता तो त्यांच्यावरील हक्क.

ऋतुराज गायकवाड ह्याचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. जुन्या सांगवीत राहणारा आणि थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत लहानपणापासून तयार झालेला हा फलंदाज २०१६ मध्ये महाराष्ट्राकडून रणजी सामन्यात उतरला. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्यास २० लाख ह्या पायाभूत किमतीस घेतले. २०१९ मध्ये त्यास एकही सामना मिळाला नाही; २०२० मध्ये पदार्पण झाले; २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून त्या हंगामातील सर्वाधिक धावांचा मान मिळविला व चेन्नई विजेती ठरली. त्यानंतर संघाने त्यास ६ कोटींना कायम राखले, म्हणजे मूळ रकमेच्या तीसपटीने. आणि २०२५ साठी ती रक्कम १८ कोटी झाली. 'वीस लाखांचा ऋतुराज' आणि 'सहा कोटींचा ऋतुराज' ह्यांच्यामध्ये गुणाचा फरक निश्चितच आहे. परंतु २०२१ चा ऋतुराज, जो सर्वाधिक धावा करीत होता, तो २० लाखांच्याच बोलीचा होता, हे वाक्य विसरता कामा नये. तो हंगाम म्हणजे चेन्नईचे अधिशेष. सहा वर्षांचा हक्क असता तर ते २०२४ पर्यंत चालले असते. येथे ते २०२१ अखेर संपले. खेळाडूच्या दृष्टीने भारतीय पद्धती ह्या एका बाबतीत अमेरिकेतील पद्धतीहून उदार ठरते, हे मान्य केले पाहिजे.

ह्या छाटणीमुळे अदलाबदलीचे स्वरूपही बदलते. नोव्हेंबर २०१८ मध्ये हैदराबादने शिखर धवन दिल्लीस दिला व बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम आणि १८ वर्षांचा अभिषेक शर्मा हे तिघे घेतले. धवन ५.२ कोटींचा, अभिषेकची बोली ५५ लाखांची. आज मागे वळून पाहणारा टीकाकार ह्या व्यवहारास स्मोल्ट्झच्या पंक्तीस बसवील, कारण अभिषेक पुढे भारताच्या अग्रगण्य फलंदाजांपैकी एक झाला. पण हिशेब तसा जुळत नाही. धवनने दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१ व २०२० मध्ये ६१८ धावा केल्या आणि दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यात पोचली. अभिषेकवरील हैदराबादचा हक्क मात्र २०२२ च्या मोठ्या लिलावापूर्वीच संपला. त्यास परत घेण्यासाठी त्यांना ६.५ कोटी द्यावे लागले, आणि २०२५ साठी कायम राखताना १४ कोटी. मग २०१८ च्या अदलाबदलीत हैदराबादला काय मिळाले? भविष्य मिळाले नाही, ओळख मिळाली. तीन वर्षे जवळून पाहिल्यामुळे त्याच्या संकेतार्थातील 'जर' किती मोठा आहे हे त्यांना इतरांहून अधिक कळले, आणि त्या ज्ञानाच्या बळावर त्यांनी बाजारभावाने बोली लावली. येथे संघ हक्क विकत घेत नाही. पारख विकत घेतो.

गोलंदाज व होतकरू फलंदाज ह्यांची सरळ अदलाबदलही ह्या लीगमध्ये झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजस्थानने देवदत्त पडिक्कल हा २३ वर्षांचा फलंदाज लखनौस दिला व आवेश खान हा वेगवान गोलंदाज घेतला. दोघेही आपापल्या पूर्वीच्याच रकमांसह, पडिक्कल ७.७५ कोटींसह व आवेश १० कोटींसह, नव्या संघात गेले. पुढचा मोठा लिलाव एका हंगामावर आलेला होता. दोघांचेही भविष्य सारख्याच लांबीचे असल्याने तरुणास तारुण्याबद्दल वेगळी किंमत आली नाही. वर्तमानाच्या बदल्यात वर्तमान दिले गेले. पिचरसाठी सहा वर्षे मोजणाऱ्या बेसबॉलशी तुलना करता हा व्यवहार जवळजवळ निर्भविष्य आहे.

मोल हे नियमाचे असते, ह्याचा भाषिक कळस मात्र 'अनकॅप्ड' ह्या शब्दाने गाठला. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला, असा ह्या शब्दाचा अर्थ. साहजिकच तो होतकरूंसाठी योजिलेला. २०२५ च्या हंगामासाठी असा नियम झाला की, ज्या भारतीय खेळाडूने पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही व ज्याचा मंडळाशी करार नाही, तोही अनकॅप्ड मानावा. त्यानुसार दोन विश्वचषक जिंकून देणारा महेंद्रसिंग धोनी वयाच्या ४३ व्या वर्षी ४ कोटींच्या अनकॅप्ड रकमेत कायम राखला गेला. त्याच लिलावात १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीस राजस्थानने १.१० कोटींना घेतले. एकाच वर्गनामाखाली हे दोघे आले. वर्गनाम वस्तूचे वर्णन करीत असते तर हे अशक्य होते. ते केवळ रक्कम ठरविण्याचे साधन असल्यामुळे शक्य झाले.

६

दोन्ही व्यवस्थांत एक घटक मात्र समान रीतीने अदृश्य राहतो. होतकरू हा आकाशातून पडत नाही. थेरगावचे मैदान पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील आहे. अकादमीच्या नावाबरोबर वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या व्हॅरॉक ह्या उद्योगाचे नाव जोडलेले आहे. म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्यातील पैसा, नगरातील जागा आणि एका जुन्या कसोटीवीराचे मार्गदर्शन ह्यांच्या योगाने मुले घडतात. ह्या पट्ट्यातील माणसास सुट्या भागाची किंमत कशी ठरते हे सांगावयास नको : माल, मजुरी आणि घडणावळ तीत धरलेली असते. खेळाडूच्या लिलावातील बोलीत घडणावळीचा वाटा धरण्याची सोय नाही. फुटबॉलमध्ये ती आहे. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू एका संघातून दुसऱ्यात गेला, तर हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के भाग, त्यास वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या काळात घडविणाऱ्या संस्थांमध्ये वाटला जातो. पाच टक्के ही रक्कम मोठी नव्हे. पण तिच्यामुळे भविष्यास एक भूतकाळ होता, हे हिशेबाच्या वहीत नोंदले जाते.

येथे 'शिकाऊ उमेदवार' ह्या शब्दाकडे पुन्हा वळणे उचित ठरेल. १९६१ चा कायदा म्हणतो की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. तो यंत्रावर उभा असतो, माल निघत असतो. परंतु व्याख्येने त्याचे काम शिकणे असते, आणि त्यास मिळते ते वेतन नसून विद्यावेतन असते. होतकरू खेळाडूची स्थिती ह्याहून फारशी वेगळी नाही. २०२१ मध्ये सर्वाधिक धावा करणारा खेळाडू हिशेबाच्या वहीत अद्याप उमेदवारच होता. फरक एवढाच की, कारखान्यातील उमेदवाराची उमेदवारी दुसऱ्या कारखान्यास विकता येत नाही. खेळाडूची येते.

समीक्षेकडून अपेक्षा आहे ती बाजार बंद करण्याची नव्हे. पिचरसाठी होतकरू देण्यात, अथवा फलंदाजासाठी गोलंदाज देण्यात, मुळात काही गैर नाही. संघास आजचा विजय हवा असणे आणि दुसऱ्या संघास उद्याची आशा हवी असणे, ह्या दोन्ही रास्त गरजा आहेत. अपेक्षा आहे ती मोलाची भाषा शुद्ध करण्याची. 'हा होतकरू इतक्या कोटींचा' असे विधान कानी येताच तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत : हा हक्क किती वर्षांचा आहे, त्या वर्षांत त्यास काय मिळणार आहे, आणि ही अदलाबदल त्यास विचारून झाली आहे काय. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे रकमेबरोबर छापली गेली, तर ती रक्कम खेळाडूच्या अंगी चिकटलेली राहणार नाही. ज्या नियमाने ती निर्माण केली, त्या नियमाच्या नावावर ती जमा होईल. मग सांगवीच्या किंवा चाकणच्या मुलास आपली किंमत २० लाख आहे असे वाटणार नाही. आपल्यावरील तीन वर्षांच्या हक्काची ती किंमत आहे, हे त्यास कळेल. आणि उमेद ही मुळात उमेदवाराची असते, हा त्या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा प्रचारात येण्यास तेवढे कळणे पुरेसे आहे.